‘मेझे’ मागवलं होतं, मग हुमूस-फलाफल का चाललं नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही नाशिकला घरून केटरिंग करता. एका एकसष्टीला 40 माणसं होती आणि सगळं शाकाहारी होतं. यजमानांच्या परदेशी राहणाऱ्या मुलीनं ‘संध्याकाळी मेझे ठेवा’ असं सांगितलं. तुम्ही हुमूस (काबुली चण्याचं वाटण), पिटा रोटी आणि फलाफल (चण्याचे तळलेले वडे) प्रत्येकाच्या प्लेटमध्ये नीट मांडून सरबताबरोबर फिरवलं, वीस मिनिटांनी प्लेटा गोळा केल्या आणि बुफे उघडला. लोकांनी आवडीनं खाल्लं, पण मुलगी म्हणाली, ‘‘हे तर स्टार्टर झाले. मेझे कुठंय?’’ आता तुम्ही विचारताय की मेझे नावाचा वेगळा पदार्थ असतो का, का स्टार्टरलाच तिकडे मेझे म्हणतात, आणि पुढच्या वेळी कार्डावर काय लिहायचं.

मी चार वर्षं सायप्रसमधल्या लिमासोलला एका टॅव्हर्नाच्या, म्हणजे खानावळीच्या, किचनमध्ये होतो, मग सात वर्षं दुबईत एका लेबनीज हॉटेलच्या थंड विभागात. थंड विभाग म्हणजे जिथं हुमूस, वांग्याचं मुतब्बल, सॅलड, लोणची हे सगळं बनतं. आता पुण्यात लोकांचे मेन्यू बसवून देतो. तेव्हा सांगतो ते हाताखालून गेलेलं आहे. पण या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. त्यामुळे माझ्या बऱ्याच उत्तरांत ‘कुठलं मेझे, त्यावर आहे’ असं येईल. ते टाळाटाळ म्हणून घेऊ नका.

तुमच्या पदार्थांत काही चूक नव्हती. गडबड झाली घड्याळात आणि प्लेटेत. हुमूस हे मेझेच आहे, फलाफलही मेझ्यात चालतं. पण तुम्ही ते माणशी वाटून दिलंत आणि वीस मिनिटांत उचललंत. त्या दोन गोष्टींमुळे त्याचं मेझेपण गेलं. आता हे नीट फोडून सांगतो.

सुरुवात शब्दापासून करू, कारण हा शब्द तुम्ही रोज वापरता. फारसीत ‘मझे’ म्हणजे चव. इराणमध्ये आजही चविष्ट पदार्थाला ‘खुशमझे’ म्हणतात आणि फिक्क्या पदार्थाला ‘बीमझे’. तोच शब्द आपल्याकडे ‘मजा’ होऊन आला. हिंदीत अजून जिभेशी त्याचा संबंध राहिलाय, तिथं मज़ेदार भाजी म्हणजे चवदार भाजी. मराठीत मात्र तो जिभेवरून उतरून मनात गेला. आपला मजेदार माणूस विनोदी असतो, चवदार नसतो. तिकडे पश्चिमेला हाच शब्द तुर्कीत ‘मेझे’ झाला आणि उस्मानी राजवट जिथं जिथं होती तिथं तिथं पसरला: ग्रीस, बल्गेरिया, सर्बिया, सायप्रस, लेबनॉन, सीरिया. लेबनीज त्याला ‘मझ्झा’ किंवा ‘मेझ्झे’ म्हणतात. ग्रीकांनी त्याला आपलं व्याकरण लावलं, एक असेल तर ‘मेझेस’, अनेक असले तर ‘मेझेदेस’, आणि लाडानं म्हणायचं तर ‘मेझेदाकी’. उच्चाराची भीती नको. ‘मी मजेत आहे’ म्हणताना त्या ‘मजे’चा जो ज आपण करतो, तोच इथं करायचा. झेंड्यातला झ करू नका. बरेच वेटर करतात आणि कानाला खटकतं.

चवीचा अर्थ असलेला शब्द खाण्याचं नाव कसा झाला, हे कळलं की निम्मं उत्तर मिळतं. आपल्याकडे तसंच झालंय. चाखणे या क्रियापदावरून ‘चखणा’ आला. पेयाबरोबर तोंडात टाकायचं काहीतरी तो चखणा. मेझे तिकडे त्याच वाटेनं गेलं. तुर्कस्तानात राकी, ग्रीसमध्ये ऊझो आणि त्सिपुरो, लेबनॉनमध्ये अरक ही सगळी कडक मद्यं. यातल्या राकी, ऊझो आणि अरकला बडीशेपेच्या जवळचा वास असतो. पाणी घातलं की ती दुधासारखी पांढरी होतात, कारण दारूत विरघळलेलं सुगंधी तेल पाण्यात विरघळलेलं राहत नाही. तुर्क राकीला ‘सिंहाचं दूध’ म्हणतात. असलं चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांचं पेय रिकाम्या पोटी घेतलं तर माणूस तासाभरात आडवा होईल. म्हणून मध्ये मध्ये चीज, दही, ऑलिव्हचं तेल, खारवलेला मासा असं स्निग्ध आणि खारट काहीतरी घासभर खायचं. पोट भरायचं नाही, बैठक लांबवायची. इस्तंबूलमध्ये ज्या जागी हे चालतं तिला ‘मेयहाने’ म्हणतात. गझला ऐकणाऱ्यांनी ओळखलंच असेल, हा आपला मैखाना.

तरी मेझे म्हणजेच चखणा असं समीकरण मी मांडणार नाही. फुटाणे, शेंगदाणे, बदाम, पिस्ते यांना तुर्कीत वेगळा शब्द आहे, ‘चेरेझ’. लेबलेबी म्हणजे अगदी आपले फुटाणे, तेही या चेरेझमध्ये येतात. मेझे हे त्याच्या वरचं, त्यात स्वैपाक असतो. मेयहानेत बसलात की वेटर भलंमोठं तबक घेऊन येतो. त्यावर पंधरा-वीस लहान ताटल्या असतात. घट्ट दह्यात लसूण आणि हिरवी पानं घोटलेली हायदारी, बारीक चिरलेल्या टोमॅटो-मिरचीची तिखट एझ्मे, भाजलेल्या वांग्याचं सॅलड, ऑलिव्ह तेलात शिजवून गार केलेला राजमा, खारवलेल्या माशाची लाकेर्दा, भात भरलेले शिंपले, आणि नशीब असेल तर आर्मेनियन घरांतून आलेलं टोपिक, म्हणजे चणे-बटाट्याच्या आवरणात कांदा, बेदाणे आणि ताहिनीचं, म्हणजे तिळाच्या वाटणाचं, सारण. बोट दाखवाल ती ताटली टेबलावर येते. हे झाले थंड मेझे. त्यानंतर ‘आरा सिजाक’, शब्दशः ‘मधलं गरम’: तळलेलं कालामारी म्हणजे माकूळ, सारण भरलेलं बोरेक, कलेजी. शेवटी मासा किंवा मांस. पण मी जितक्यांदा गेलोय तितक्यांदा निम्मी टेबलं त्या शेवटापर्यंत पोचतच नाहीत. बिल मागेपर्यंत मेझेच चालू असतं, आणि त्यात कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

मराठी माणसाला समजावताना मी पानाची डावी बाजू दाखवतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. थोडं थोडं, प्रत्येकाची चव वेगळी, एक आंबट तर दुसरं खारट. कल्पना करा की भात, वरण, पोळी, भाजी काही येणारच नाही, सगळं पान डावं आहे आणि त्या डाव्या बाजूवरच दोन-अडीच तास जेवायचंय. चवींचा तोल मेझ्यात तसाच सांभाळतात. उपमा एवढ्यावरच थांबते. डावी बाजू ज्याची त्याची असते, मेझे सगळ्यांचं मिळून असतं.

तुमची मुख्य अडचण इथं आहे. स्टार्टर म्हणजे पुढच्या जेवणाची पायरी. ती संपवून वर जायचं असतं. मेझे ही पायरी आहे की अख्खं जेवण, ते देशावर ठरतं.

लेबनॉनमध्ये साधारण क्रम असा: थंड मेझे, गरम मेझे, मग निखाऱ्यावरचं मांस, मग फळं. बेकाच्या दरीत झाहले नावाचं गाव आहे. तिथं बर्दवनी नदीच्या काठाकाठानं बसायच्या जागा आहेत आणि मेझ्यासाठी तो भाग सगळीकडे ओळखला जातो. तिथल्या लोकांबरोबर काम केलेला माणूस हुमूसबद्दल शब्द जपून वापरतो. कोणाचं हुमूस खरं, यावर लेबनॉन आणि इस्राएलमध्ये चढाओढ लागली होती. 2010 साली लेबनॉनच्या 300 स्वैपाक्यांनी मिळून 10,452 किलो हुमूस एकाच ताटात केलं. आकडा मुद्दाम निवडलेला होता, लेबनॉनचं क्षेत्रफळ तितके चौरस किलोमीटर आहे. पदार्थावरून भांडतील, पण ‘मेझे’ या शब्दावर मालकी सांगताना मी कोणाला ऐकलं नाही.

ग्रीसमध्ये दोन शब्द आहेत आणि हा फरक तुमच्या फार कामाचा आहे. ‘ओरेक्तिका’ म्हणजे भूक चाळवणारे पदार्थ, जेवणाच्या आधीचे. हे झालं आपलं स्टार्टर. ‘मेझेदेस’ म्हणजे पेयाबरोबरचे, ज्यांच्यानंतर काही येईलच असं नाही. दही-काकडीच्या त्झात्झिकीची वाटी तीच, बनवायची रीत तीच. जेवणाच्या आधी आली तर ओरेक्तिको, ऊझोबरोबर आली तर मेझेस. पदार्थ बदलला नाही, त्याचं काम बदललं. वोलोस नावाच्या बंदराच्या गावात तर मेझे मागवायचंच नसतं. त्सिपुरोची छोटी बाटली मागवली की तिच्यासोबत ताटली येते. दुसऱ्या बाटलीला दुसरी ताटली, तिसरीला तिसरी. काय येणार ते किचन ठरवतं. ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीच्या काळात आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेल्या निर्वासितांनी ही रीत तिथं रुजवली असं तिथले लोक सांगतात.

बल्गेरिया आणि सर्बियाकडे गेलात तर ‘मेझे’ म्हटल्यावर हुमूस येणारच नाही. तिथं सुकवलेलं मांस, सॉसेज आणि चीज कापून समोर ठेवतील.

सायप्रस या सगळ्यांहून वेगळं, आणि मी शिकलो तिथंच. सायप्रसमध्ये मेन्यूवर ‘मेझे’ ही एकच ओळ असते आणि त्या ओळीत वीस-पंचवीस, कधी तीस ताटल्या असतात. मांसाचं मेझे किंवा माशाचं मेझे एवढंच निवडायचं. बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांसाठीच देतात. पुढं मेन कोर्स नाही, मेझे हेच जेवण.

माझा पहिला शनिवार अजून आठवतो. ऑर्डर आली, मांसाचं मेझे, चौघांचं. मी मुंबईच्या बँक्वेटमधून गेलेला, वेग हीच आपली शेखी. ऑलिव्ह, ताहिनी, दही-काकडी आणि गावरान सॅलड गेल्यावर पाच मिनिटांत मी भाजलेलं हलूमी चीज, सॉसेज, द्राक्षाच्या पानातले कूपेपिया, झुकिनी घालून परतलेली अंडी आणि वर खिम्याचं शेफ्तालियाही पाठवून दिलं. टेबलावर जागा उरली नाही. वेटर ताटलीवर ताटली ठेवायला लागला. मालकीणबाई साठीच्या पुढच्या होत्या, गल्ल्याशेजारी शेंगा निवडत बसायच्या. त्या उठल्या, दोन गरम ताटल्या स्वतःच्या हातानं परत किचनमध्ये आणल्या, माझ्यासमोर ठेवल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘सिगा, सिगा.’’ हळू, हळू. मग मला दारापाशी उभं करून ते टेबल दाखवलं. चौघं बोलायचे थांबले होते आणि भराभर खात होते, कारण हलूमी गार झालं की चिवट होतं हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांची संध्याकाळ चाळीस मिनिटांत संपवत होतो. हलूमी त्या दिवसापासून मी कधी आधी भाजून ठेवलं नाही. मालकीणबाईंचा नियम साधा होता: टेबलावर नेहमी दोन ताटल्या अर्ध्या असाव्यात आणि एक नवीन. सगळ्या रिकाम्या झाल्या तर किचन झोपलंय, सगळ्या भरलेल्या असतील तर किचन घाईत आहे.

आता मुलगी नाराज का झाली ते दिसेल. ती सायप्रस किंवा लेबनीज लोकांच्या संगतीत राहिलेली असेल तर तिच्या डोळ्यांसमोर भरलेलं टेबल, मध्ये ठेवलेल्या ताटल्या आणि गप्पा असणार. तुम्ही तिला तीन पदार्थांची एकेकाची प्लेट दिलीत. ती लंडनमध्ये सुपरमार्केटमधलं मेझ्याचं पाकीट आणून खाणारी असती, तर तुमच्या प्लेटेवर खूश झाली असती. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘मेझे’ म्हटलं की पहिला प्रश्न हा: ‘‘तुम्ही मेझे कुठं खाल्लंत?’’ उत्तरावरून निम्मा मेन्यू ठरतो. दुसरा प्रश्न: ‘‘त्यानंतर जेवण ठेवायचंय की हेच जेवण?’’

तापासशी गल्लत होते म्हणून एक वाक्य. तापास स्पेनचे, शब्द ‘झाकणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला, आणि ते बरेचदा उभ्यानं, एका बारमधून दुसऱ्यात जात खातात. मेझ्याला बूड टेकवून बसावं लागतं. ताटल्या दोन्हीकडे लहान, एवढंच साम्य.

मद्याचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण एकसष्टी आहे म्हणून ते मनात असणार. मद्य नसलं तरी मेझे होतं. दुबईत आमच्या टेबलांपैकी बरीच पुदिना-लिंबाच्या सरबतावर चालायची, आजी-आजोबा आणि पोरंटोरं मिळून वीस माणसं तीन तास बसायची. फक्त एक ध्यानात ठेवा. मद्यामुळे बैठक आपोआप लांबते, सरबतानं लांबत नाही. सरबत पाच मिनिटांत संपतं आणि माणूस ‘आता पुढे काय’ म्हणून बघायला लागतो. तो वेळ तुम्हाला पदार्थांच्या येण्यातून तयार करावा लागेल. म्हणून बिनमद्याच्या मेझ्यात मी गरम पदार्थ वाढवतो आणि ते तीन खेपांत पाठवतो.

आपल्या लोकांपुढं आणखी एक पेच येतो, त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही: उष्टं. तिकडे एका वाटीतल्या हुमूसमध्ये सहा जण रोटीचा तुकडा बुडवतात. तुकडा एकदाच बुडवायचा, चावलेला परत घालायचा नाही हा शिष्टाचार तिथंही आहे, पण वाटी सगळ्यांची. नाशिकच्या एकसष्टीत मोठी आत्या त्या वाटीला हात लावणार नाही, आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझा तोडगा असा: ताटली मधोमध, प्रत्येक ताटलीत तिचा तिचा चमचा, प्रत्येकापुढं रिकामी छोटी बशी. वाढून घ्यायचं मधून, बुडवायचं आपल्या बशीत. मिळून खाणंही राहतं आणि आत्याही जेवते. तुम्ही आधीच प्लेट भरून दिलीत तेव्हा हे मधून वाढून घेणं निघून गेलं. ‘‘ते वांगं इकडे दे’’, ‘‘हे खाऊन बघ’’ हे संवाद गेले, आणि मेझ्यात निम्मी करमणूक त्यांचीच असते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, मेझे हे एका पदार्थाचं नाव नाही. लहान ताटल्या, सगळ्यांत मिळून, हळूहळू, पेयाबरोबर. यातलं एखादं सुटलं तर चालतं, दोन-तीन सुटली की तुम्ही म्हणता तसं स्टार्टर उरतं.

आता 40 माणसांचा हिशेब. आठ-आठ जणांची पाच टेबलं करा. बुफे नको, मेझे बुफेवर मांडलं की रांग लागते आणि सगळं संपतं. मेझे हेच जेवण असेल तर रोटी सोडून माणशी साडेचारशे ते पाचशे ग्रॅम लागतं. नंतर जेवण असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी करा, आणि मग मेझ्यात तुम्ही सहाच पदार्थ ठेवले तरी बास.

थंडात मी सात-आठ घेईन. हुमूस, मुतब्बल, लबने, तब्बूले, मुहम्मरा (भाजलेली लाल मिरची आणि अक्रोडाचं वाटण), ऑलिव्ह, बीटाच्या पाण्यात गुलाबी झालेलं सलगमाचं लोणचं, आणि काकडी-टोमॅटोचं काहीतरी. टेबलावर प्रत्येक पदार्थाच्या माणशी एक अशा आठ ताटल्या नकोत, दोन-दोन पुरे, म्हणजे कोणाला हात लांब करावा लागत नाही. माणशी 50 ग्रॅम धरलं तर हुमूस 2 किलो लागेल. त्यासाठी 600 ग्रॅम कोरडे काबुली चणे घ्या, चिमूटभर खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा. शिजून ते 1.4 किलोच्या आसपास भरतात. 400 ग्रॅम ताहिनी, बाकी लिंबाचा रस आणि बर्फाचं पाणी. चणे बोटांत धरल्यावर लोण्यासारखे चुरले पाहिजेत, आणि वाटताना बर्फाचं पाणी घातलं तर रंग उजळ येतो. दुबईत आमचा उस्ताद ताटलीतल्या हुमूसमध्ये चमच्याच्या पाठीनं खळगा करायचा आणि तेल त्यात थांबलं पाहिजे असं बजावायचा. तेल कडेला ओघळलं तर हुमूस पातळ झालं, परत घोटा.

लबने हा शब्द बघून घाबरू नका, तो आपला चक्का आहे. श्रीखंडाला टांगता तसंच दही टांगायचं, फक्त साखरेऐवजी मीठ, वर ऑलिव्हचं तेल आणि सुका पुदिना. म्हशीच्या दुधाच्या 5 लिटर दह्याचा साधारण 2 किलो चक्का निघतो. नाशिकमध्ये चक्का बांधायला हात सरावलेले असतातच, त्यामुळे हा पदार्थ तुमचा सगळ्यात चांगला होईल. मुतब्बल म्हणजे ताहिनी घातलेलं वांग्याचं भरीत. त्याला सगळे सरसकट बाबा गनूश म्हणतात, पण लेबनीज माणसापुढं म्हणू नका, त्यांच्याकडे बाबा गनूशमध्ये टोमॅटो, कांदा, डाळिंबाचा आंबट पाक असतो आणि बहुतेकदा ताहिनी नसते. तब्बूले म्हणजे पार्सलीचं सॅलड, त्यात बुरगुल नावापुरतं. आपल्याकडे उलटं करतात, ढीगभर दलिया आणि वर हिरवा शिडकावा. शिवाय आपला दलिया कच्च्या गव्हाचा असतो, बुरगुल उकडून वाळवून भरडलेला. दलिया नुसता भिजवून घातलात तर दाताखाली येईल. पार्सली सुरीनं चिरा, मिक्सरमध्ये घातलीत तर तिचं पाणी सुटून चटणी होते.

गरमात चार प्रकार ठेवा, माणशी दोन-दोन तुकडे: फलाफल, लसूण-कोथिंबीर-मिरची लावलेले बटाटे म्हणजे बताता हर्रा, चीजचं सारण भरलेलं संबूसक, आणि भाजलेलं हलूमी. संबूसक आपल्या समोशाचा भाऊ आहे, दोघांचं नाव एकाच फारसी शब्दावरून आलंय. हे पाहुण्यांना सांगा, टेबलावर बोलायला विषय मिळतो. हलूमी महाग पडतं. बजेट नसेल तर कडक पनीर भाजा, पण मग कार्डावर पनीरच लिहा. युरोपीय संघात हलूमी हे नाव 2021 पासून सायप्रसपुरतं राखीव आहे. आपल्याकडे कोणी पकडायला येणार नाही, पण परदेशात राहिलेली ती मुलगी पहिल्याच घासाला पकडेल.

क्रम असा ठेवा. पाहुणे बसायच्या आधी ऑलिव्ह, लोणचं आणि रोटी टेबलावर. बसल्यावर थंड पदार्थ दोन खेपांत. वीस-पंचवीस मिनिटांनी पहिलं गरम. मग दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं बाकीचे. ताटली रिकामी झाल्याशिवाय उचलायची नाही. अर्धी ताटली उचलणं म्हणजे पाहुण्याला ‘आता उठा’ म्हणणं. मदतीला आलेल्या पोरांना हे आधीच बजावा, नाहीतर त्यांना पंगतीची सवय असते, पान मोकळं दिसलं की हात जातो. रोटी एकदम आणू नका. फडक्यात गुंडाळून चार-चार करून आणा, माणशी दोन लागतात, आणि रोटी संपली की सगळं थांबतं. दुबईत आमच्या किचनमध्ये सगळ्यात मोठा आरडाओरडा हुमूससाठी कधीच झाला नाही, तो रोटीसाठी व्हायचा.

राहिलं कार्ड. ‘स्टार्टर’ लिहू नका, कारण मग लोक मेन कोर्सची वाट बघत बसतील. ‘चखणा’ अर्थाला जवळचा असला तरी एकसष्टीच्या कार्डावर छापलात तर सत्कारमूर्तींच्या बायकोचा फोन येईल. ‘अल्पोपाहार’ तर चहा-बिस्किटांचा शब्द. सरळ ‘मेझे’ लिहा आणि खाली एक ओळ: ‘मधोमध ठेवलेले, सगळ्यांनी मिळून सावकाश खायचे लहान लहान पदार्थ’. माणशी प्लेटच द्यायची असेल तर ‘मेझे प्लॅटर’ लिहा. त्यात खोटं काही नाही, ग्रीसमध्येही एका ताटात चार-पाच नमुने मिळतात, त्याला ते ‘पिकिलिया’ म्हणतात. फक्त आधी फोनवर ‘ही एकेकाची प्लेट आहे’ असं सांगून ठेवा.

आणि तुमची मदतनीस ‘एक मेझा, दोन मेझे’ म्हणते म्हणून हसलो, असंही तुम्ही लिहिलंत ना? फासा-फासे, मोजा-मोजे असताना तिनं दुसरं काय म्हणावं! तुर्कीत एकाला ‘मेझे’ आणि अनेकांना ‘मेझेलेर’ म्हणतात, तेव्हा एकाला मेझा म्हणणं चूक आहे, पण कान मराठी आहे. माझ्या पुण्यातल्या किचनमध्ये गेली तीन वर्षं ‘टेबल चारला दोन मेझे मार’ असं चालू आहे, आणि टेबल चारला बरोबर पोचतं.